फोनवरचा आवाज आणि बोटावरचा आकडा

सप्टेंबर २०२० मधली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावात कोविडची पहिली लाट ऐन भरात होती. रात्री नऊच्या सुमारास एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचा मला फोन आला. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. तपासणीचा अहवाल येऊन चार दिवस झाले होते, ताप उतरला होता आणि माडीवरच्या खोलीत ते एकटे राहत होते. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "गुरुजी, धाप वगैरे लागते का?" असे विचारताच ते म्हणाले, "डॉक्टर, अजून एका दमात तीसपर्यंतचे पाढे म्हणून दाखवीन." मी ऑक्सिमीटरवरचा आकडा विचारला. दारापाशी उभ्या असलेल्या काकूंनी तो वाचून सांगितला, "सत्त्याण्णव." मी समाधानाने फोन ठेवला आणि पुढच्या रुग्णाचा फोन घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वादोन वाजता त्यांच्या नातीचा संदेश आला. त्या वेळेला कारण होते. गुरुजींकडे साधा, बटणांचा फोन होता. घरातला एकुलता एक स्मार्टफोन या नववीतल्या मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी राखून ठेवलेला होता आणि शाळा दोनला सुटत असे. तिने वहीच्या एका पानाचे छायाचित्र पाठवले होते. प्रयोगवहीत आखतात तशा रेघा आखून तिने तारीख, वेळ, ऑक्सिजन आणि नाडी असे रकाने केले होते. आदल्या रात्रीच्या नऊच्या ओळीत ऑक्सिजनखाली ८९ होते. सत्त्याण्णव हा आकडा शेजारच्या रकान्यात, नाडीखाली होता. आज दुपारी दोनचे आकडे होते ८७ आणि १०४. खाली तिने एकच ओळ लिहिली होती, "डॉक्टरकाका, हे बरोबर आहे का?"

तासाभरात गुरुजींना रुग्णालयात हलवले. नऊ दिवस त्यांना प्राणवायू द्यावा लागला आणि ते बरे होऊन घरी परतले. पण मधल्या सतरा तासांचा हिशेब माझ्या नावावर आहे. काकूंना यंत्रावर दोन आकडे दिसत होते. त्यांतला कोणता सांगायचा हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते सांगणे माझे काम होते. यंत्राचे छायाचित्र पाठवा, एवढे एक वाक्य मी बोललो नाही, कारण गुरुजींच्या आवाजाने माझी खात्री आधीच पटली होती.

वाचकहो, या आजारात आवाज इतका फसवा का ठरला, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्याला धाप लागते ती मुख्यतः रक्तात कर्बवायू साठू लागला की. श्वास रोखून धरल्यावर जो जीव कासावीस होतो, तो प्राणवायू कमी पडल्यामुळे होतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती बहुतांशी साठत चाललेल्या कर्बवायूची हाक असते. कोविडने फुप्फुसे आजारलेल्या अनेक रुग्णांत कर्बवायू बाहेर पडण्याचे काम बराच काळ ठीक चालू राही, पण प्राणवायू रक्तात पुरेसा उतरत नसे. त्यामुळे धोक्याची घंटाच वाजत नसे. ऑक्सिजनची पातळी ऐंशीच्या घरात असलेला माणूस चहा पीत, गप्पा मारत बसलेला आम्ही पाहिला आहे. अशा रुग्णाशी नुसते फोनवर बोलणाऱ्या डॉक्टरला तो बरा आहे असेच वाटणार. ज्या लक्षणावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विसंबलो, तेच या आजाराने काढून घेतले होते. त्याच सुमारास रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये फोन येऊन बसला होता.

तो फोन कायदेशीररीत्या कसा आला, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. त्यापूर्वी डॉक्टर फोनवर सल्ला देत नसत असे नाही. पण त्याला नियमांची चौकट नव्हती. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या रत्नागिरीच्या एका प्रकरणानंतर तर फोनवरून औषध सांगण्याची आम्हा मंडळींना धास्तीच बसली होती. मग २५ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तीन आठवड्यांच्या आत, १३ एप्रिलला, घरबसल्या डॉक्टरांशी विनामूल्य बोलता येईल अशी ई-संजीवनी ओपीडी ही सरकारी सेवा सुरू झाली. ते वर्ष संपण्यापूर्वी ई-संजीवनीच्या सर्व सेवांवरून मिळून दहा लाखांहून अधिक सल्ले दिले गेले.

या तत्त्वांतल्या काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हव्यात, कारण त्या आजही लागू पडतात. पलीकडून बोलणारा डॉक्टर कोण आहे, त्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. औषधाच्या चिठ्ठीवर तो क्रमांक असलाच पाहिजे. त्याचप्रमाणे रुग्णाचे नाव आणि वय खरे सांगणे हे आपले काम आहे. मूल अज्ञान असेल तर सल्ल्याच्या वेळी मोठे माणूस सोबत हवे. पॅरासिटामॉल किंवा जलसंजीवनीसारखी साधी औषधे नुसत्या बोलण्यावरून सुचवता येतात. काही औषधांसाठी पहिल्या भेटीत डॉक्टरने रुग्णाला व्हिडिओवर पाहणे आवश्यक असते. आणि शेड्यूल एक्समधली किंवा अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे फोनवरून लिहून देताच येत नाहीत. तेव्हा एखादा डॉक्टर "यासाठी समोरच यावे लागेल" असे म्हणाला, तर तो टाळाटाळ करतो आहे असे समजू नका. मला स्वतःला तर असे म्हणणाऱ्या डॉक्टरविषयी अधिक विश्वास वाटतो.

मात्र नियम कितीही नेटके असले, तरी फोन पोटावर हात ठेवू शकत नाही. रुग्णाला तपासताना आम्ही पाहतो, ऐकतो, बोटांनी ठोकून पाहतो, कातडीचा गारवा जाणतो. यांतले पाहणे आणि ऐकणे फोनवरून थोडेफार पोहोचते. बाकीचे सारे घरातल्या कोणाला तरी करावे लागते. दूरवैद्यकात डॉक्टरचे हात घरात असतात. ते काकूंचे असतात, नाहीतर नववीतल्या नातीचे. म्हणून फोन लावण्यापूर्वी त्या हातांना काय करायचे ते माहीत हवे.

आरंभ ऑक्सिमीटरपासूनच करू. या यंत्रामागचे तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात शोधले. तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पार होताना किती शोषले जातात, यावरून रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज बांधायचा, अशी ती युक्ती आहे. शस्त्रक्रियागृहांत ती अनेक दशके मुकाट्याने काम करत होती. सारे जग हे चिमुकले यंत्र विकत घेण्यासाठी औषधांच्या दुकानांसमोर उभे होते, त्याच एप्रिल २०२० मध्ये आओयागी यांचे टोकियोत निधन झाले.

यंत्रावर दोन आकडे दिसतात. ज्याच्याजवळ टक्क्याचे चिन्ह किंवा 'एसपीओटू' अशी अक्षरे असतात तो प्राणवायूचा; 'पीआर' अशी अक्षरे किंवा हृदयाचे चित्र असेल तो नाडीचा. दोन्ही सांगा, आणि नाव घेऊन सांगा. शक्य असेल तर छायाचित्रच पाठवा. आणखी एक गंमत आहे, पण ती जीवावर बेतू शकते. यंत्रावरचे आकडे इंग्रजी असतात आणि रुग्णासमोर उभे राहून पाहणाऱ्याला ते उलटे दिसू शकतात. तो ८६ उलटा धरला की चक्क ९८ होतो. कागदावर काढून पाहा.

आकडा घेण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. बोट गार असेल तर दोन्ही हात चोळून ऊब आणावी. नखाला रंग असेल तर काढावा. मेंदीच्या गडद बोटावरही आकडा चुकू शकतो, तेव्हा दुसरे बोट निवडावे. बोट आत घातल्याबरोबर दिसणारा आकडा खरा धरू नये. तो स्थिर होईपर्यंत थांबावे. सावळ्या, काळ्या वर्णाच्या माणसांत हे यंत्र काही वेळा प्राणवायू असतो त्यापेक्षा जास्त दाखवते, असे अमेरिकेतील अभ्यासात २०२० च्या अखेरीस ठळकपणे पुढे आले. म्हणून काठावरच्या आकड्यावर निश्चिंत होऊ नये. एका सुट्या आकड्यापेक्षा दिवसभरातला त्याचा कल अधिक बोलका असतो. काल ९८, आज सकाळी ९६ आणि आता ९४ हे मला कळले, तर केवळ "चौऱ्याण्णव आहे" यापेक्षा खूप जास्त कळते. त्या मुलीच्या वहीचे मोल ते हेच.

याच्याच जोडीला महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने दुसऱ्या लाटेत सहा मिनिटे चालण्याची चाचणी सांगितली होती. बसल्या जागी आकडा पाहायचा, मग घरातल्या घरात सपाट जमिनीवर, पायऱ्या न चढता, सहा मिनिटे मध्यम गतीने चालायचे आणि पुन्हा पाहायचा. आकडा ९३ च्या खाली गेला, तीन किंवा अधिक टक्क्यांनी घसरला किंवा धाप लागली, तर रुग्णालय गाठायचे. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटे पुरत. दम्याच्या रुग्णांनी ही चाचणी करू नये असेही त्यात बजावले होते. विश्रांतीत लपून राहिलेली तूट चालण्याने उघडी पडते, एवढाच त्यामागचा विचार आहे. बसल्या जागीच आकडा कमी असेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र चालवून पाहण्यात काही अर्थ नाही.

ऑक्सिमीटर मिळेनासे झाले, तेव्हा अनेकांनी मोबाइलमध्ये अॅप घेतले आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन मोजू लागले. कृपा करून हे करू नका. कॅमेऱ्याच्या दिव्यावरून नाडीचे ठोके बऱ्यापैकी मोजता येतात, पण प्राणवायूसाठी लागणारा अवरक्त प्रकाश साध्या फोनच्या दिव्यात नसतो. त्या काळात बोटाचा ठसा आणि फोनमधली माहिती चोरण्यासाठी बनावट अॅपही निघाली होती आणि पोलिसांना त्यांविषयी सावध करावे लागले होते. "एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते पाहा" हा उपायही बराच फिरला. फोनवरून धाप मोजण्यासाठी तो वापरू नये, असे ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २०२० मध्येच सांगितले होते. गुरुजींचे पाढे आठवा.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. मला विचाराल तर स्मार्टफोनने वैद्यकाला दिलेली सर्वांत मोलाची भेट म्हणजे एक मिनिटाचे चित्रण. रुग्ण उताणा किंवा टेकून बसलेला असताना फोन उशीला टेकवून ठेवा, छाती आणि पोट दिसू द्या, आणि पूर्ण एक मिनिट काही न बोलता चित्रण करा. श्वास मोजतो आहोत हे रुग्णाला सांगू नका. सांगितले की तो बदलतो. विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. कोविडच्या भारतीय उपचारसंहितेत हा आकडा २४ किंवा त्याहून अधिक झाला, की आजार सौम्य राहिलेला नाही असे धरले होते. यासाठी ना यंत्र लागते ना पैसे. लहान मुलांची गती मुळातच जास्त असते, म्हणून त्यांचे चित्रण डॉक्टरांना पाठवावे आणि निष्कर्ष त्यांच्यावर सोडावा. अंगावरच्या पुरळाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, शेजारी एखादे नाणे ठेवून काढावे. आकडी येत असेल, तर रुग्णाला कुशीवर वळवल्यानंतर कोणीतरी तिचे चित्रण जरूर करावे; आमच्यासमोर ती क्वचितच येते आणि वर्णनावरून ओळखणे अवघड असते.

आता एका कटू विषयाकडे वळतो. त्याच फोनवरून औषधांच्या चिठ्ठ्याही गावोगाव फिरल्या. कोणाच्या तरी मेव्हण्याला पुण्याच्या मोठ्या डॉक्टरने लिहून दिलेली चिठ्ठी, वरचे नाव अंगठ्याने झाकून, शेकडो लोकांपर्यंत पोहोचे. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असे. इंग्लंडमधील मोठ्या चाचणीतून जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड जीव वाचवते असे दिसले, ही बातमी खरीच होती. पण तिचा दुसरा अर्धा भाग चिठ्ठीबरोबर प्रवासाला निघाला नाही. लाभ झाला तो प्राणवायू लावावा लागलेल्या रुग्णांना. ज्यांना तो लागत नव्हता त्यांना काहीही लाभ दिसला नाही, उलट अपाय होण्याची शक्यता राहिली. सौम्य आजारात पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून स्टेरॉइड घेतलेले, त्यात मधुमेह असलेले रुग्ण आम्ही पाहिले. रक्तातली साखर भडकलेली आणि मग नाकाडोळ्यांत शिरलेली काळी बुरशी. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात या बुरशीने अनेकांचे डोळे नेले, अनेकांचे प्राण नेले. औषधाची चिठ्ठी एका माणसाची, एका दिवसाची असते. तुमच्या फोनमध्ये अशा जुन्या चिठ्ठ्या असतील, तर आजच पुसून टाका. स्वतःच्याही. पुढच्या तापाच्या वेळी मोह होतो.

आणि हा फोन घरात कोणाचा असतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. आणि हा आकडा कोणत्याही मोबाइलचा, स्मार्टफोनचा नव्हे. त्या महिन्यांत मला येणाऱ्या फोनांवर बायकांचे आजारही पुरुषांच्याच तोंडून कळत. "हिला जरा अशक्तपणा आहे," असे नवरा सांगे. फोन तिच्याकडे द्या म्हटले, तर स्पीकर चालू राही आणि अर्धे घर ऐकत उभे असे. अंगावरून जाणे, स्तनातली गाठ, घरातली मारहाण, मन उदास होणे, यांतले काहीही अशा स्पीकरवर बोलले जात नाही. दवाखान्यात निदान पडदा तरी असतो. आपल्या घरातल्या आईला, सुनेला, लेकीला डॉक्टरांशी बोलायचे असेल, तर तिला फोन द्या, दार लोटून घ्या आणि बाहेर थांबा. म्हाताऱ्यांचेही तसेच आहे. मुलगा काळजीपोटी सगळी उत्तरे स्वतःच देतो, आणि आजोबांना मूत्रमार्गाचा त्रास आहे हे तीन फोन होऊनही कळत नाही.

काही वेळा फोन डॉक्टरला नव्हे, थेट १०८ ला लावायचा असतो. श्वास घेताना बोलणे तुटते आहे, छातीत सतत दुखते किंवा दडपण आहे, माणूस असंबद्ध बोलतो किंवा झोपेतून नीट जागा होत नाही, ओठ निळसर पडले आहेत, विश्रांतीतही प्राणवायूचा आकडा सतत ९३-९४ च्या खाली आहे: अशा वेळी व्हिडिओ जुळण्याची वाट पाहू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत शुद्धीवर असलेल्या रुग्णाला उशांच्या आधाराने पालथे झोपवल्यास प्राणवायूची पातळी काहीशी सुधारू शकते, असे आरोग्य मंत्रालयाने सांगितले होते. गरोदर स्त्रिया, गंभीर हृदयविकार किंवा मणक्याला इजा असलेले रुग्ण यांना मात्र असे झोपवू नये, आणि जेवणानंतर तासभर तर कोणालाच नाही.

महासाथ ओसरली, पण फोन राहिला. माझ्या दवाखान्यातले मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे कितीतरी रुग्ण आता एकदा प्रत्यक्ष येतात आणि एकदा फोनवर बोलतात. ऐन सुगीत एसटीची वाट पाहत अर्धा दिवस घालवण्यापेक्षा त्यांना ते बरे पडते, आणि आकड्यांची वही नीट ठेवलेली असेल तर मलाही. नात आता शिकायला बाहेरगावी असते. जाताना तिने आजोबांना स्मार्टफोन शिकवला आणि रेघा आखलेली नवी वही करून दिली. परवा गुरुजींचा फोन आला. आवाज तसाच खणखणीत. नमस्कारही न करता त्यांनी सुरुवात केली, "रक्तदाब, वरचा एकशेबत्तीस, खालचा चौऱ्याऐंशी. नाडी, शहात्तर. छायाचित्र पाठवले आहे. आणि डॉक्टर, यंत्र सुलटे धरले होते."